वाकलेला दांडा: गोल्फचा फोटो पुरावा म्हणून कसा वाचायचा?

पेटची तयारी करणारे किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेले विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात: "फोटो प्राथमिक साधन म्हणून चालतो का?" चालतो. पण त्याच्या पुढचा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. फोटोत जे दिसतंय त्यातलं किती मैदानावर घडलं, किती कॅमेऱ्यामुळे तसं दिसतंय, आणि किती गोष्टी फोटोत येऊच दिल्या गेल्या नाहीत? आजच्या लेखात हा प्रश्न गोल्फच्या फोटोंच्या इतिहासावरून समजून घेऊ.

गोल्फच का, असं तुम्ही म्हणाल. दीपनगर-भुसावळच्या पट्ट्यात खेळ म्हटलं की क्रिकेट, कबड्डी, कुस्ती. गोल्फ आपण बघितला तर टीव्हीवर. पण पद्धत शिकायला असं लांबचं उदाहरण बरं पडतं. ओळखीच्या खेळाचा फोटो पाहताना आपण न दिसणाऱ्या गोष्टीसुद्धा मनानं भरून टाकतो. अनोळखी खेळाच्या फोटोत तसं करता येत नाही, त्यामुळे नजर ताळ्यावर राहते. दुसरं कारण म्हणजे गोल्फ हा फोटोग्राफरला छळणारा खेळ आहे. चेंडू लहान, फटका क्षणाचा, मैदान अफाट, आणि नेमक्या वेळी आवाज करायला बंदी. या अडचणींच्या खुणा फोटोत उमटतात. त्या ओळखता आल्या की दुसऱ्या कुठल्याही फोटोतल्या खुणा ओळखायला सोपं जातं.

एका शहरात दोन नव्या गोष्टी

सुरुवात मुंबईपासून करू. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कलकत्त्याचा, १८२९ सालचा. मुंबईत गोल्फ क्लब निघाला १८४२ साली. म्हणजे हा खेळ आपल्या राज्यात येऊन पावणेदोनशेपेक्षा जास्त वर्षं झाली.

फोटोग्राफीही जवळपास त्याच सुमाराची. दागेरच्या पद्धतीची जाहीर घोषणा पॅरिसमध्ये १८३९ साली झाली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सदस्यांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे होते. १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. जॉन्सन आणि हेंडरसन या दोघांनी १८५६ पासून मुंबईतून छायाचित्रांचा एक अल्बम क्रमाक्रमानं प्रसिद्ध केला.

म्हणजे खेळ होता, कॅमेरा होता, कॅमेरा वापरणारी हौशी माणसंही होती. तरी त्या काळातला 'चेंडू मारतानाचा गोल्फर' तुम्ही शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. मुंबईतच काय, गोल्फच्या माहेरी स्कॉटलंडमध्येही नाही. अशा वेळी नवशिका संशोधक लिहून मोकळा होतो: "या काळात खेळाच्या छायाचित्रणाकडे दुर्लक्ष झाले." हे वाक्य लिहिण्याआधी थांबायला हवं. पुरावा नसणं आणि कुणाला त्यात रस नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी विचारायचं, हा फोटो काढणं तेव्हा शक्य तरी होतं का?

थोडं गणित

चांगल्या व्यावसायिक खेळाडूच्या स्टिकचं टोक चेंडूजवळ येतं तेव्हा त्याचा वेग ताशी १८० किलोमीटरच्या आसपास असतो. भुसावळवरून धडधडत जाणारी मेल-एक्सप्रेसही एवढ्या वेगानं पळत नाही. सेकंदाच्या हिशेबात सांगायचं तर हा वेग सेकंदाला ५० मीटर होतो. कॅमेऱ्याचं झाकण १/३० सेकंद उघडं राहिलं, तर तेवढ्यात हे टोक दीड मीटरपेक्षा जास्त पुढे जातं. १/१००० सेकंद उघडं राहिलं तरी ५ सेंटिमीटर सरकतं. स्टिक आणि चेंडू यांचा स्पर्श टिकतो सुमारे अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग.

आता १८४० च्या दशकातली पद्धत बघा. स्कॉटलंडच्या हिल आणि ॲडम्सन या जोडीनं कागदी निगेटिव्हवर फोटो काढले. त्यासाठी माणसांना कित्येक सेकंद पुतळ्यासारखं उभं राहावं लागायचं. त्यांनी गोल्फ खेळणाऱ्यांच्या एका घोळक्याचा फोटो घेतला होता. चित्रकार चार्ल्स लीस यानं १८४७ मध्ये पूर्ण केलेल्या 'द गोल्फर्स' या प्रसिद्ध चित्रासाठी त्याचा आधार घेतला. फोटोतले लोक आता चेंडू खड्ड्यात पडतोय अशा आविर्भावात उभे आहेत, पण तिथं काहीच हलत नाही. हलणं शक्यच नव्हतं. मूळ फोटो हा खेळाचा अभिनय, आणि त्यावरून रंगवलेलं चित्र हे खेळाचं दृश्य. म्हणजे गोल्फच्या अगदी सुरुवातीच्या फोटोंपैकी एकातच 'घडलेलं' आणि 'घडवलेलं' यांची सरमिसळ आहे.

कोरड्या जिलेटिन प्लेटा १८८० च्या आसपास बाजारात आल्या आणि वेळ सेकंदाच्या छोट्या भागावर आली. तोवर मुंबईत गोल्फ सुरू होऊन जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती. या चाळीस वर्षांतल्या शांततेचं पहिलं कारण साधं, रासायनिक आहे. समाजशास्त्राकडे वळण्याआधी एवढं तपासून घ्यावं.

बेल्डम, आणि वाकलेला दांडा

१९०४ साली लंडनहून 'ग्रेट गोल्फर्स: देअर मेथड्स ॲट अ ग्लान्स' हे पुस्तक आलं. त्याचा कर्ता जॉर्ज बेल्डम. हा गृहस्थ स्वतः मिडलसेक्सकडून क्रिकेट खेळायचा, गोल्फही चांगला खेळायचा, आणि फोटोग्राफीत मुरलेला होता. हॅरी व्हार्डन, जे. एच. टेलर, जेम्स ब्रेड अशा त्या काळच्या पहिल्या फळीच्या खेळाडूंचे स्विंग त्यानं टप्प्याटप्प्यानं टिपले. पुढच्याच वर्षी सी. बी. फ्रायबरोबर त्यानं फलंदाजांवर असंच पुस्तक केलं. त्यात आपले रणजितसिंहजीही आहेत.

हे फोटो चालू सामन्यातले म्हणून वाचायचे नाहीत. खेळाडूला कॅमेऱ्यासमोर उभं करून, फटका मारायला सांगून ते घेतलेले आहेत. त्यांचा हेतूच शिकवण्याचा होता, त्यामुळे त्यात लबाडी काही नाही. पण 'व्हार्डन १९०४ मध्ये सामन्याच्या दडपणाखाली असा खेळायचा' असं विधान या फोटोवर उभं करता येणार नाही.

आता मुख्य मुद्दा. त्या काळात वेगवान फोटोंसाठी जे शटर वापरायचे त्याला फोकल-प्लेन शटर म्हणतात. त्यात प्लेटसमोर एक पडदा असतो आणि पडद्याला एक अरुंद फट. ही फट प्लेटच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकत जाते. प्रत्येक पट्ट्याला उजेड मिळतो हजाराव्या भागाइतका, म्हणून चित्र स्पष्ट येतं. पण सगळ्या पट्ट्यांना तो एकाच वेळी मिळत नाही. फोटोच्या एका टोकाचा क्षण आणि दुसऱ्या टोकाचा क्षण वेगळे असतात. फट सरकत असताना गोल्फची स्टिकही फिरत असते, आणि तिचं टोक हातापेक्षा कितीतरी वेगानं. परिणाम असा होतो की सरळ दांडासुद्धा फोटोत धनुष्यासारखा वाकलेला उमटतो.

पटत नसेल तर हा प्रयोग स्वतः करून बघा. धावत्या गाडीच्या खिडकीतून मोबाइलनं बाहेरचा फोटो काढा. जवळचे विजेचे खांब तिरके दिसतील. छताच्या फिरत्या पंख्याचा काढा, पाती कोयत्यासारखी वाकडी दिसतील. मोबाइलचा सेन्सरही चित्र ओळीओळीनं वाचतो. तत्त्व तेच.

तेव्हाच्या गोल्फच्या फोटोंत वाकलेला दांडा दिसतो तेव्हा पेच असा पडतो: दांडा हिकरी नावाच्या लवचिक लाकडाचा असायचा. तो खरोखर वाकतही असणार. मग फोटोतलं वाकणं लाकडाचं की शटरचं? नुसत्या फोटोकडे टक लावून याचं उत्तर मिळत नाही. फोटो कितीही नीट बघितला तरी तो आपण कसे तयार झालो हे स्वतःहून सांगत नाही. त्यासाठी कॅमेरा कोणता, शटर कोणतं, फट कुठल्या दिशेनं सरकायची ही माहिती फोटोच्या बाहेरून आणावी लागते. संशोधनाच्या भाषेत याला साधनचिकित्सा म्हणतात. कागदपत्रांच्या बाबतीत आपण ती करतो: शाई, हस्ताक्षर, शिक्का. फोटोला मात्र "डोळ्यांनी दिसतंय की" म्हणून सूट देतो.

उत्तर दुसऱ्या यंत्राकडून आलं

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये हॅरल्ड एजर्टन या विद्युत अभियंत्यानं झपाट्यानं उघडझाप करणारा दिवा, म्हणजे स्ट्रोबोस्कोप, फोटोग्राफीसाठी वापरात आणला. अंधारात कॅमेऱ्याचं झाकण उघडं ठेवायचं आणि दिव्याच्या अतिसूक्ष्म झगमगाटांनी एकामागून एक प्रतिमा एकाच फिल्मवर घ्यायच्या. इथं सरकणारी फट नाही. प्रत्येक झगमगाटात अख्खी चौकट एकाच क्षणी उजळते. म्हणून शटरमुळे येणारा वाकडेपणा या पद्धतीत येत नाही.

डेन्समोर शूट या व्यावसायिक गोल्फरचा त्याचा १९३८ चा फोटो प्रसिद्ध आहे. त्याचं नावच 'डेन्समोर शूट बेंड्स द शाफ्ट'. स्टिकचा पंखाच उलगडलेला दिसतो, आणि त्यात दांडा वाकलेला आहे. म्हणजे दांडा खरंच वाकतो.

या निकालात संशोधनाचा मोठा धडा आहे. जुन्या फोटोतलं वाकणं यंत्राचं, हे कळल्यावर "मग ते सगळं खोटं" असं म्हणून आपण मोकळे झालो असतो तर चुकलो असतो. दांडा वाकत होता आणि कॅमेराही त्याला वाकवत होता. दोन्ही एकाच वेळी खरं. फोटोतला दोष सापडला म्हणून फोटो टाकून द्यायचा नसतो. दोष किती, कुठल्या दिशेचा, आणि तो वजा केल्यावर काय उरतं, हे बघायचं. त्यासाठी वेगळ्या पद्धतीनं तयार झालेलं दुसरं साधन लागतं. त्याच जातीचे आणखी दहा फोटो जमवून उपयोग नाही, कारण त्या दहांतही तोच दोष असेल. तुमच्या विषयात हे असं लागू होईल: एकाच कचेरीतले दहा अहवाल मिळून एकच साधन ठरतात.

आवाज नको

यंत्र वेगवान झालं तरी गोल्फच्या फोटोग्राफरची सुटका झाली नाही. आता आडवी आली मैदानाची शिस्त. खेळाडू स्टिक मागे नेत असताना हलायचं नाही, बोलायचं नाही, आणि कॅमेरा वाजवायचा नाही. स्टिक चेंडूला लागल्यावरच बटण दाबायचं, हा अलिखित पण कडक नियम. क्रिकेटमध्ये साठ हजार लोक बोंबलत असतात आणि फलंदाज खेळतो. गोल्फमध्ये एका क्लिकवरून भांडण होतं. २००२ च्या स्किन्स गेममध्ये टायगर वुड्स फटका मारत असताना एका फोटोग्राफरचा कॅमेरा वाजला, तेव्हा त्याचा कॅडी स्टीव्ह विल्यम्स यानं तो कॅमेरा घेऊन तळ्यात टाकला. अमेरिकेतल्या मास्टर्स स्पर्धेत प्रेक्षकांना फक्त सरावाच्या दिवशी कॅमेरा आणता येतो.

या शिस्तीचा परिणाम संग्रहावर होतो. चेंडू गेल्यानंतरचे फोटो भरपूर: स्टिक खांद्यामागे, कंबर वळलेली, नजर दूर. चेंडू जाण्याआधीचे क्षण कमी. आजवरचा बहुधा सर्वांत प्रसिद्ध गोल्फ-फोटोही असाच आहे. १० जून १९५० रोजी मेरियनच्या मैदानावर यूएस ओपनमध्ये हाय पेस्किन या फोटोग्राफरनं बेन होगनला पाठमोरा टिपला. अठराव्या होलवरचा फटका मारून झालाय, स्टिक वर गेलीय, समोर दोन्ही बाजूंना प्रेक्षकांची भिंत. होगनचा चेहराही दिसत नाही. १९४९ मध्ये बसला धडकून त्याची हाडं मोडली होती, आणि सोळा महिन्यांनी तो इथं उभा होता. दुसऱ्या दिवशी प्लेऑफमध्ये तो जिंकला. फोटो अप्रतिम आहे. पण 'गोल्फर नेहमी किती डौलदार दिसतो' असं शंभर फोटोंवरून कुणाला वाटलं, तर त्यातला काही डौल नियमामुळे आलेला आहे हे लक्षात ठेवायला हवं.

पुढे आरसा नसलेले, आवाज न करणारे कॅमेरे आले. २०१७ च्या सोनी ए-नाइनपासून गोल्फच्या फोटोग्राफरना स्टिक मागे जातानाचेही क्षण बिनधास्त टिपता येऊ लागले. गंमत अशी की बिनआवाजाच्या इलेक्ट्रॉनिक शटरबरोबर जुना दोष परत आला. सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो, त्यामुळे कमी वेगाच्या सेन्सरवर दांडा पुन्हा धनुष्यासारखा. २०२३ च्या शेवटी जाहीर झालेल्या ए-नाइन-थ्री या कॅमेऱ्यात अख्खा सेन्सर एकाच क्षणी वाचण्याची सोय आली, तेव्हा हा दोष गेला. शंभरेक वर्षांनी तेच कोडं, तेच उत्तर. त्यामुळे 'जुना फोटो कच्चा, नवा फोटो पक्का' हे गृहीतक कामाचं नाही.

फाटकाच्या आत, चौकटीच्या बाहेर

इथपर्यंत यंत्र आणि शिस्त झाली. तिसरी गोष्ट म्हणजे फाटक. कॅमेरा मैदानात कुणाच्या परवानगीनं शिरला?

तुलनेसाठी एक मराठी उदाहरण घ्या. मुंबईत फोटो स्टुडिओ चालवणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीची लढत चित्रित केली. भारतीयानं केलेल्या अगदी पहिल्या चित्रीकरणांपैकी हे एक, आणि विषय खेळाचा. पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी ही त्या दोन पैलवानांची नावं आजही चित्रपटाच्या इतिहासात सांगितली जातात. उघड्यावरची कुस्ती, भोवती गर्दी. कॅमेरा घेऊन जाणाऱ्याला कुणाच्या सदस्यत्वाची गरज नव्हती.

गोल्फचं तसं नव्हतं. मैदान क्लबचं, क्लब सदस्यांचा. मुंबईत भारतीय आणि युरोपीय दोघांनाही सदस्यत्व खुलं असावं म्हणून गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकारानं विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब निघाला तो १९१८ साली, म्हणजे मुंबईच्या पहिल्या गोल्फ क्लबानंतर पाऊण शतकानं. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. दार उघडलं, पण श्रीमंत भारतीयांपुरतं.

त्याच मैदानावर रोज जाणारा आणखी एक माणूस होता: कॅडी. साहेबाची बॅग वाहणारा, चेंडू कुठं पडला ते नजरेनं धरून ठेवणारा, वारा आणि उतार ओळखून कोणती स्टिक घ्यायची ते सुचवणारा. खेळाची जाण त्याला असते, बरेचदा खेळणाऱ्यापेक्षा जास्त. तो फोटोत असतोही. कडेला, अर्धा कापलेला, पाठमोरा, बॅगेच्या आड. फोटोखालच्या ओळीत मात्र त्याचं नाव बहुतेक नसतं. पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांच्याशी ताडून बघा. तिथं नावं उरली, इथं चेहरा उरला तरी नाव नाही.

त्या अनाम माणसात किती खेळ होता याचा पुरावा नंतर मिळाला. दिल्ली गोल्फ क्लबात कॅडी म्हणून सुरुवात केलेले अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकले. ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक. त्याआधी १९६५ मध्ये पी. जी. सेठी यांनी ती हौशी खेळाडू म्हणून जिंकली होती. म्हणजे कॅडीचा वर्ग चौकटीच्या कडेवरून मधोमध यायला स्पर्धा सुरू झाल्यापासून २७ वर्षं लागली. तोवरच्या फोटोंवरून कुणी 'भारतात गोल्फ कोण खेळायचं?' याचं उत्तर काढलं, तर ते उत्तर क्लबच्या सदस्ययादीसारखंच निघालं असतं.

चेंबूरच्या गल्लीत

आता मुंबईतलाच एक वेगळा गोल्फ. चेंबूरच्या गोल्फ मैदानाला लागून असलेल्या वस्त्यांतल्या तरुणांनी, ज्यांतले बरेचसे कॅडीचं काम करणारे, आपल्या गल्लीबोळांत गोल्फ खेळायला सुरुवात केली. बांधकामाची लोखंडी सळई टोकाला वाकवली की झाली स्टिक. चेंडू प्लॅस्टिकचा. हिरवळ नाही, घरांच्या मधली फरशी, उतार, पत्रे, गटाराची कड. पोलंडचे छायाचित्रकार तोमाश गुडझोवाटी यांनी या खेळावर कृष्णधवल छायाचित्रांची मालिका केली. जगभरातले पैशाच्या झगमगाटापासून दूर असलेले खेळ टिपणं हे त्यांच्या कामाचं वैशिष्ट्य आहे.

इथं वाकलेला दांडा पुन्हा भेटतो. पण यावेळी तो शटरनं वाकवलेला नाही आणि फटक्याच्या जोरानंही नाही. तो हातानं, ठरवून वाकवलेला आहे, कारण दुकानातली स्टिक परवडत नाही. आणि कॅडी कडेला नसून चौकटीच्या मधोमध, फटका मारतोय.

आपल्याला असे फोटो लगेच आवडतात, आणि म्हणूनच इथं सावध राहायचं. क्लबचा फोटो चिकित्सेनं वाचायचा आणि वस्तीचा फोटो डोळे झाकून खरा मानायचा, असं चालणार नाही. तेच प्रश्न इथंही विचारा. फोटोग्राफर बाहेरून आलेला आहे. रंग काढून टाकल्यामुळे पत्रा, भिंत, आकाश एका सुरात येतात आणि गरिबी देखणी दिसू लागते. तीच मुलं सकाळी मैदानावर बॅग वाहतात तेव्हाचं दृश्य आणि हे दृश्य शेजारी ठेवलं नाही, तर गल्लीतला गोल्फ म्हणजे नुसती गमतीची करामत वाटेल. त्यामागचा रोजगार, हातात आलेलं कसब आणि बंद फाटक यांचं नातं फोटोच्या बाहेर राहील. ते मुलाखतींतून आणावं लागेल. फोटोतल्या माणसाला विचारता येण्याची शक्यता इथं आहे. १९२० च्या फोटोतल्या पोराला आता विचारता येत नाही. मौखिक इतिहासाचं काम पुढं ढकलू नका असं मी सारखं म्हणते ते याचसाठी.

टोकियो ऑलिंपिकमध्ये, ऑगस्ट २०२१ मध्ये, अदिती अशोक चौथी आली तेव्हा तिची बॅग तिच्या आईनं वाहिली होती. त्या फोटोंच्या ओळींत कॅडीचं नाव आलं. नावं देता येतात, तर. कुणाचं द्यायचं हे कुणीतरी ठरवत असतं.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

छायाचित्रं साधन म्हणून वापरणार असाल तर 'संशोधन पद्धती'च्या प्रकरणात नुसतं "छायाचित्रांचा आधार घेतला आहे" एवढं लिहू नका. प्रत्येक महत्त्वाच्या फोटोसाठी तीन नोंदी ठेवा.

पहिली, यंत्राची: त्या काळच्या कॅमेऱ्याला काय टिपता येत होतं आणि काय नाही? फोटोत न दिसणारी गोष्ट 'नव्हती' की 'उमटू शकत नव्हती'? दुसरी, परवानगीची: फोटोग्राफर कोण, कुणी बोलावला, कुठं उभं राहायची त्याला मुभा होती, कोणत्या क्षणी बटण दाबायला बंदी होती? तिसरी, ओळीची: फोटोखाली कुणाची नावं आहेत, कुणाची नाहीत, ती कुणी आणि कधी लिहिली? संग्रहाच्या सूचीतही हेच तपासा. सूची 'गोल्फ' या शब्दावर केलेली असेल तर कॅडी त्या शब्दानं सापडणार नाही. तो 'नोकर', 'मुलगा' अशा नोंदीत दडलेला असेल, किंवा नोंदीत नसेलच.

यासाठी मुंबईला जायची गरज नाही. सराव आपल्या भागातच करा. तुमच्या शाळेतल्या, तालमीतल्या, रेल्वे किंवा वीज केंद्राच्या वसाहतीतल्या जुन्या क्रीडासंघाचा एखादा समूहफोटो मिळवा. खुर्चीवर बसलेल्यांची नावं खाली असतील. मागे उभे असलेल्यांची कदाचित असतील. कडेला पाण्याची बादली, बॅटी किंवा चटई घेऊन उभा असलेला कोण, हे तुमच्या आजोबांच्या वयाच्या माणसाला विचारा. त्याला ठाऊक असेल, तर नाव, विचारल्याची तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव, त्याच्या संमतीनं, वहीत लिहून ठेवा. फोटोच्या मागच्या बाजूला पेनानं लिहू नका, शाई पुढे उमटते.